कोपराखालची उशी

माणसाला पालथं निजवावं तर ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या मामांनीच. अख्ख्या पनवेलात तसा दुसरा झाला नाही. एका इस्पितळात ते ऑपरेशन थिएटरमधले मामा, म्हणजे मदतनीस, होते. मणक्याचं ऑपरेशन असलं की भूल दिलेल्या पेशंटला पालथं करून छातीखाली, गुडघ्याखाली, कोपराखाली उशा लावायच्या, डोळ्यांवर दाब नाही ना ते पाहायचं, हे त्यांचं काम. पण ते घरीही त्यांची पाठ सोडायचं नाही. सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन दुपारी खुर्चीत डुलकी काढायचा, तर हे जाऊन त्याची मान सरळ करायचे. एका लग्नात पंगतीला बसलेल्या नवरदेवालाही त्यांनी टेबलाच्या कडेवरून कोपर काढायला लावलं होतं. उरणहून भावाने पाठवलेली पापलेटं तर फ्रिजमध्ये अशी निजवायचे की मेलेल्यांनाही आराम पडावा.

माझ्या मणक्याचं ऑपरेशन त्यांच्याच हाताखाली, त्यांच्याच इस्पितळात ठरलं तेव्हा आदल्या दिवशी येऊन त्यांनी मला अर्धा तास पलंगावर पालथं झोपवून रंगीत तालीमच घेतली. हाताला मुंग्या येतात का, असं तीनदा विचारलं. येत होत्या हो! ब्लाऊज शिवताना कोपर मशीनच्या कडेला टेकून टेकून उजव्या करंगळीला वर्षभर येत होत्या. पण सांगितलं तर आणखी तपासण्या निघतील, ऑपरेशन पुढे जाईल आणि लग्नसराई हातची जाईल, म्हणून मी अतिशहाणी ‘नाही’ म्हणाले.

पाठ छान झाली. पण शुद्धीवर आले तर उजवी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. कोपराजवळची नस दबली असावी, काही आठवड्यांत सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. मला रडू कोसळलं. बोटंच गेली तर शिवणार काय, कपाळ? मामांचं तर माझ्याहून वाईट झालं. रोज संध्याकाळी येऊन, मला डोळे मिटायला लावून ते करंगळीखाली बटण ठेवायचे आणि विचारायचे, भोकं दोन की चार? मी चुकले की गुपचूप खाली जायचे. वॉचमनची मान लोंबत असली तरी बघायचे नाहीत. त्यांना वाटत होतं, आपलाच हात चुकला. आणि मी पाच आठवडे तोंड शिवून बसले. लिहितानाही लाज वाटते.

सहाव्या आठवड्यात मी म्हणाले, चार. चारच होती. मामांनी डोळे पुसले, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

“ताई,” मामा म्हणाले, “पेशंट नाय म्हनला तरी मी कोपर चाचपून बगायला पायजे होतं. आता बगीन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मशीनच्या कडेला एक छोटी उशी बांधून दिली. निवृत्त होऊन मामा आता उरणला भावाकडे राहतात. उशी अजून आहे, बोटंही आहेत. दुपारी वॉचमनची मान लोंबते, तेव्हा खाली उतरून मीच ती सरळ करते. त्यांच्यासारखी जमत नाही.