आईचा मुक्काम आणि आफ्रिकन डेझी

मी कॉलेजात गणित शिकवते. सांगितलं की ऐकावं, ही अपेक्षा मी वर्गातल्या मुलांकडून करते तशीच झाडांकडूनही करते, आणि दोघांनीही मला आजवर फारशी दाद दिलेली नाही. लातूरला घर बांधलं तेव्हा पुढे दहा-बारा पावलं मोकळी जागा राहिली. तिथे गुलाब लावला, तो वाळला. शेवंती लावली, ती शेजारच्या गल्लीतल्या शेळीनं खाल्ली. मग गेल्या दसऱ्यानंतर औसा रोडवरच्या एका नर्सरीत मला आफ्रिकन डेझीच्या बियांचं पाकीट दिसलं. पाकिटावर पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि मधोमध जांभळट निळा डोळा. मी तिथल्या तिथे हरखले.

नर्सरीवाले काका पाकीट देताना म्हणाले, "मॅडम, याला पाणी लई देऊ नका. उन्हाचं झाड हाय हे. पाय वले राहिले की गेलंच समजा."

मी मान डोलावली. घरी येऊन वाफा केला, बिया पेरल्या आणि आठ-दहा दिवसांत हिरवी बारीक पानं वर आली. नवरा रोज सकाळी दात घासत वाफ्यापाशी उभा राहायचा आणि विचारायचा, "काय म्हणतात आफ्रिकेचे पाहुणे?"

दिवाळी झाली आणि आई नांदेडहून माझ्याकडे राहायला आली. आली म्हणजे मी आणली. बाबा गेल्यापासून ती माझ्या धाकट्या भावाकडे राहते. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पावसाळ्यात ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली. हाड मोडलं नाही एवढंच. त्यानंतर ती खाली उतरायचीच बंद झाली. भाऊ-भावजय जिवाला जीव देणारी आहेत, पण जिन्याला ती तरी काय करणार. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळचं ऊन घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत जेवढं यायचं तेवढं ऊन ती घेत होती.

मला ती कायमची हवी होती. माझं घर तळमजल्याचं, ऊन अंगणभर, आणि मुलं शिकायला बाहेर गेल्यामुळे एक खोली रिकामी. पण आई जुन्या वळणाची. लेकीच्या घरी चार दिवस जावं, राहू नये, हे तिच्या हाडात मुरलेलं. मला पहिलं मूल होईपर्यंत ती माझ्याकडे जेवलीसुद्धा नव्हती. दुपारच्या बसनं यायची, बरोबर आणलेली केळी खायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. तीस वर्षं नायगावच्या शाळेत मास्तरीण म्हणून काढलेली, अख्ख्या गावाला शिस्त लावलेली बाई, आणि या बाबतीत तर तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. आताही चार साड्या घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "संक्रांतीपर्यंत. मग मला पोचवा."

मी "बरं" म्हटलं. राहा, असं काही मला म्हणवलं नाही. आमच्या घरात मायेचं बोलायची पद्धतच नाही. आम्ही एकमेकींना जेवलीस का विचारतो, औषध घेतलंस का विचारतो, आणि तेवढ्यात सगळं आलं असं समजतो.

आता पाण्याचं सांगते. आमच्या भागात नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. त्या दिवशी घराघरात सण असतो. ड्रम घासायचे, हंडे विसळायचे, आणि नवं पाणी भरायच्या आधी उरलेलं शिळं पाणी ओतून टाकायचं. ओतायचं कुठे, तर झाडांना. लातूरच्या माणसाला पाणी गटारात सोडायला सांगा, त्याचा हातच धजणार नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतली झाडं सात दिवस तहानलेली असतात आणि आठव्या दिवशी पोहतात. शेजारच्या काकूंनी आईला हा रिवाज पहिल्याच आठवड्यात शिकवला, आणि आईला तो एकदम पटला. गोदावरीकाठची बाई ती, पण नासाडी तिला खपत नाही. मी कॉलेजात शिकवायला गेलेली असताना तिनं काकूंच्या मदतीनं दोन ड्रम माझ्या वाफ्यात रिकामे केले. पुढच्या पाण्याच्या दिवशी पुन्हा दोन. आमची काळी माती एकदा पाणी प्यायली की आठ-आठ दिवस सोडत नाही. रोपं पिवळी पडली, देठाशी मऊ झाली आणि एका दुपारी घरी आले तर सगळी आडवी.

मी चिडले. मी चिडते तेव्हा वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात चिडते. "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी म्हटलं. "माझ्या घरात मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही."

आई खुर्चीत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "बरं बाई" एवढंच म्हणाली. संध्याकाळी तिनं भावाला फोन लावला. "रविवारी ये मला न्यायला," असं ती म्हणताना मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही. हा गुण मी तिच्याकडूनच उचललाय. त्यामुळे माफी मागायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून थेट नर्सरीत गेले. काकांकडे डेझीची तयार रोपं होती, काळ्या पिशव्यांतली. तीस रोपं रिक्षात घालून आणली, आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "मला जमत नाही. तू लावून दे, मग जा."

तिनं एक पिशवी उचलून मुळं बघितली. "किती दिवसाचं काम हाय?"

"आठ-दहा दिवसांचं."

"बरं. त्याला सांग, पुढच्या रविवारी ये म्हणावं."

मग जे झालं ते मी बघतच राहिले. आईनं आमच्या बागेचा ताबा घेतला. वाफ्याची काळी माती वीतभर उपसायला लावली, बांधकामातून उरलेली वाळू आणि कोपऱ्यावरून आणलेला मुरूम त्यात मिसळून घेतला, आणि जमिनीपेक्षा उंच असा नवा वाफा करून घेतला. उपसणारा माझा नवरा. लग्नानंतर त्याच्या हातात फावडं मी पहिल्यांदा पाहिलं. आई खुर्चीतून सांगायची, "जावईबापू, अजून चार बोटं वर येऊ द्या," आणि जावईबापू घाम पुसत चार बोटं वर आणायचे. पाण्याच्या दिवशी काकू सवयीनं बादली घेऊन आल्या, तर आई वाफ्यापुढे काठी टेकून उभी. "हे पाणी कढीपत्त्याला घाला, तुमच्या पपईला घाला. हिकडं एक थेंब न्हाई," असं तिनं बजावलं. डेझीला दर चार दिवसांनी एका रोपाला एक तांब्या, तोही सकाळी, तोही बुडाशी. काकू मला नंतर म्हणाल्या, "तुमची आई लई कडक हाय हो." मी म्हटलं, "तुम्ही आज बघितली, मी जन्मापासून बघून राहिले."

रविवार आला की भावाचा फोन यायचा आणि मीच घेऊन टाकायचे. एकदा सांगितलं, रोपांनी अजून जीव धरला नाही. एकदा सांगितलं, रोपांवर माव्याची कीड पडलीय, आई निंबोळी अर्क फवारतेय. डिसेंबरच्या शेवटी कळ्या धरल्या, तेव्हा म्हटलं, कळ्या टाकून कशी येईल. भाऊ बिचारा "बरं ताई" म्हणायचा. आई शेजारीच बसलेली असायची आणि सगळं ऐकायची.

जानेवारीत फुलं आली. पांढरी, केशरी, दोन-चार फिक्या जांभळ्या रंगाची. डेझीचं एक आहे, ती ऊन चढल्याशिवाय उघडत नाही. नऊ वाजले की एकेक पाकळी सैल होते, दहाला सगळा वाफा तोंड वर करून उभा. आई तोपर्यंत खुर्ची घेऊन हजर. चष्मा पुसायची आणि हजेरी घ्यायची. "आज एकवीस. काल सतरा होती." उन्हात बसून बसून तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. गुडघे तेच होते, पण फाटकापर्यंत दोन खेपा ती आपण होऊन करायला लागली.

माझ्या अंगात आलं आणि मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला आणि कॉलेजातल्या बायकांना खास निरोप दिला, आमची डेझी बघायला या. हळदीकुंकू सायंकाळी साडेपाचचं. काठपदराच्या साड्या नेसून पंचवीस बायका आल्या, वाफ्यापुढे उभ्या राहिल्या, आणि बघतात तर एक फूल उघडं नाही. उन्हं कलली तशी डेझीनं दुकान बंद केलं होतं. एवढं गणित शिकवून मला ते सुचलं नव्हतं. काकू वाकून म्हणाल्या, "ह्या तर कळ्याच हाईत की." बायका हसल्या. मीही हसले आणि तिळगूळ वाटायला लागले.

आई आत बसली होती. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकवाच्या वेळी पुढे येत नाही. त्यावरून मी तिच्याशी पुष्कळ भांडले, उपयोग झाला नाही. पण त्या दिवशी तिनं आतूनच आवाज दिला. "उद्या रविवारच हाय. सकाळी दहाला या सगळ्या. कुंकू न्हाई, वाण न्हाई, नुसती फुलं बघायला."

आणि त्या आल्या. पंचवीसातल्या वीस तरी आल्या. कुणी गाऊनवर ओढणी घेऊन, कुणी ओले केस तसेच सोडून, एक तर हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन. तेहतीस फुलं हजर होती. आई मधोमध खुर्चीत बसली आणि मुरूम किती, वाळू किती, पाणी कधी, हे तिनं अर्धा तास शिकवलं. मधेच एकीला प्रश्नही विचारला. मी चहा करून देत होते आणि पुनःपुन्हा तिच्याकडे बघत होते. बाबांच्या मागे इतक्या बायकांत मी तिला बसलेली पाहिली नव्हती.

संक्रांत होऊन गेली. पोचवायचा विषय मी काढला नाही, आईनंही काढला नाही. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाऊ न कळवता गाडी घेऊन आला. भावजयीनं आईची खोली झाडून ठेवली होती, डॉक्टरांची वेळही घेतली होती. चहा झाला. "आई, निघायचं ना?" त्यानं विचारलं.

आईच्या आधी मी तोंड उघडलं. "अरे, आत्ता कुठे बी धरतंय. बी वाळल्यावर काढावं लागतं. आईशिवाय मला कळणार नाही ते. पाडव्यापर्यंत तरी..."

"पुरे," आई म्हणाली. भावाकडे न बघता ती माझ्याकडे बघत होती. "तीन महिने झाले, मी ऐकून राहिले. रोपं, कळ्या, आता बी. त्या बियांचं मला काही सांगू नको. तुला फुलं सांभाळायला बाई पाहिजे का आई पाहिजे, तेवढं सांग. न्हाई तर मी निघते."

नवरा पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. मी पन्नाशी उलटलेली बाई, रोज शंभर पोरांपुढे बोलणारी. मी चहाचे कप गोळा करायला लागले. शेवटी कसंबसं म्हटलं, "तूच पाहिजेस. जाऊ नकोस." आणि कॉलेजातल्या कुणी पाहिलं नाही म्हणून बरं, अशी रडले.

आईनं पदरानं चष्मा पुसला, तो डोळ्यांवर चढवला आणि भावाला म्हणाली, "ऐकलंस ना? एवढं बोलायला हिला तीन महिने लागले. जा आता तू, माझ्या बाकीच्या साड्या घेऊन ये."