फाटकावरची बुरुलआपा

आमच्या किरगिझ गावात दर रविवारी आम्ही मोजके ख्रिस्ती झापारच्या घरी चोरून प्रार्थनेला जमायचो आणि बुरुलआपा फाटकाशी सूर्यफुलाच्या बिया फोडत पहाऱ्याला बसायची. पोलीस दिसले की तिने कुत्र्याला शिव्या द्यायच्या. मग आम्ही पवित्र शास्त्र पिठाच्या पोत्यात खुपसायचो आणि चहा, तळलेले बोरसोक पुढ्यात ओढून वाढदिवसाला आल्यासारखे बसायचो. म्हातारी झोपेतसुद्धा मोटारीच्या आवाजाने दचकायची.

एका रविवारी ती सरळ आत येऊन बसली.

झापार घाबरला. "आपा, फाटकावर कोण आहे?"

"कुत्रा आहे."

"चेष्टा नको. जागं राहा असं प्रभूनेच सांगितलंय ना?"

"त्याच्या परत येण्याची वाट बघायला सांगितलंय. मी इतकी वर्षं पोलिसांची बघतेय," ती फणकारली. "तो आला असता, तरी मी कुत्र्यालाच शिव्या दिल्या असत्या. आज दुसरं कोणीतरी बसा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चडफडत बाहेर जाऊन बसलो. आत बुरुलआपा मोठ्याने प्रार्थना करू लागली. ती देवाशी काय बोलली, ते मला आजही सांगता येत नाही. माझे कान रस्त्याकडे होते.