उजव्या पायाचा गियर

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं गेलेला हा माणूस. "काका, बरे आहात ना?" असं कुणी विचारलं, तर उत्तराआधी त्यांचाच प्रश्न यायचा, "टाका कसा पडतोय?" म्हणून त्यांचं नाव टाकेकाका. मोटरसायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधायची आणि घरोघर फिरायचं. मशीन खडखडलं की काका त्याच्या पोटात हात घालून सगळे सांधे आवळणार. सैल सांधा म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ आळशीपणा.

मग साखरेच्या दुखण्यात जखम चिघळली आणि डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. नवा पाय बसला, चालणंही जमलं. पण गाडीचा गियर डावीकडे. बनावट पंजाला लिव्हर कुठे आहे तेच कळेना. टाचेनं दाबावं, तर पाय लिव्हरवरच बसून राही आणि काकांना त्याचा पत्ताही नसे.

"बाबा, बिनगियरची स्कूटर घ्या की," जावई म्हणाला.

"गाडीचा काय दोष?" काका उखडले. "पाय माझा गेलाय, तिचा नाही."

गियर उजव्या पायाकडे आणायचा, तोही स्वतः, असं त्यांनी ठरवलं. कोपऱ्यावर गॅरेज होतं. पण तो गॅरेजवाला स्क्रूसुद्धा हातोडीनं बसवतो, असं काकांचं जुनं मत होतं.

उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक हलवून डाव्या मुठीजवळ आणायचं काम दोन दिवसांत झालं. काका खूश. मग त्यांनी इंजिनाखालून एक आडवी दांडी उजवीकडे नेली, दोन्ही टोकांना सांधे बसवले, लिव्हर जोडला, आणि तिथून तीन आठवडे नशिबानं त्यांची थट्टा मांडली. आधी सगळे गियर उलटे पडायला लागले. ते सुलटे केले. मग गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाई आणि तिथेच अडून बसे. काकांनी क्लच पाहिला, तेल बदललं, साखळी काढून घातली. दोष सांध्यांत असेल हे मनात येणंच शक्य नव्हतं. ते त्यांनी स्वतः आवळले होते.

"अहो, आजही दुसरीतच नापास?" काकू दारातून विचारत. काका पाना आपटत. पेट्रोलच्या चिंधीनं हात पुसताना त्यांना रडू यायचं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग यायचा.

कारण दिवस संपत चालले होते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली अठरा मशीनं वर्षानुवर्षं काकांच्याच हाताखालची. तिथल्या मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक तारखेपर्यंत थांबते, काका. पुढे शाळा सुरू होतात. मग मला दुसरा माणूस बघावाच लागेल." बाईंचं काही चुकत नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. तो कारखाना गेला की उरणार काय? घरी बसायचं आणि कुणी दयेपोटी मशीन दाराशी आणून टाकेल त्याची वाट बघायची.

तीस तारखेला सकाळी काकूंनी परस्पर गॅरेजवाल्याला बोलावलं. काकांनी त्याच्याकडे पाठच फिरवली. त्यानं उकिडवं बसून हातानं लिव्हर दोनदा दाबला आणि हसला.

"काका, एक गियर पडला की लिव्हर आपणहून मधे परत यायला हवा. त्याशिवाय पुढचा पडत नाही. आतली स्प्रिंग ओढतेय बिचारी, पण तुम्ही सांधे असे करकचून आवळलेत की ती काय ओढणार! जरा सैल सोडा."

"सैल?" काकांना शिवी दिल्यासारखं वाटलं. "मग खडखडेल ना."

"खडखडू दे की."

तो गेल्यावर काकांनी पाना उचलला. मग दात ओठ खात त्यांनी एकेक सांधा अर्धा आटा मागे फिरवला. पुन्हा पाव आटा. लिव्हर दाबला, तो टुणकन परत मधे आला. दुसरा, तिसरा, चौथा. तीन आठवड्यांची हाडं मोडणारी मेहनत, आणि औषध पाऊण आट्याचं! आनंद व्हायला हवा होता, पण काकांना स्वतःच्याच श्रीमुखात ठेवून द्यावीशी वाटली.

एक तारखेला ते निघाले. आडवी दांडी खडखड वाजत होती, रस्त्यातली माणसं वळून बघत होती आणि काकांचे कान लाल झाले होते. कारखान्याच्या फाटकाशी बाई आधीच येऊन उभ्या होत्या.

"काका, तुम्ही? आणि तुमच्या गाडीत खडखड?" त्यांना हसू आवरेना. "आधी ती काढा बघू."

"ती काढली तर उद्या यायचा नाही मी," काका खेकसले आणि पेटी सोडायला लागले. "चला, मशीन दाखवा. टाका कसा पडतोय?"