दत्तारामच्या खडपाकडे जाणारी रेघ

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. वय बहात्तर. चाळीस वर्षं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून होडी घेऊन गेलो. कधी काही दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. त्यामुळे पुढचं मलाच पटत नाही. पण त्यात माझी एक चोरी आहे, ती आता सांगायला हवी.

दत्ताराम माझा शेजारी. समुद्राच्या तळाशी असलेलं एक खडप, म्हणजे खडकाळ जागा, त्याला ठाऊक होतं. तिथं गळाला तांबोशी हमखास लागायची. अशी जागा आमच्यात सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. दत्ताराम तर आधी मुद्दाम उत्तरेला, मिऱ्याकडे होडी हाकायचा आणि बाकीच्या होड्या दिसेनाशा झाल्या की दक्षिणेला वळायचा. उतारवयात त्यानं जागा दाखवली ती फक्त भाच्याला, महेशला.

मोबाईल दत्ताराम प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा. मी एकदा म्हटलं, "हा तुझी जागा टिपून ठेवील हां."

"मेल्या, तिथं रेंज नाय. त्याला काय कळतंय?"

मला मात्र सुनेनं दाखवलं होतं... रेंज नसली तरी फोन उपग्रहावरून जागा ओळखतो आणि आपण कुठं गेलो ते दिवसवार नकाशावर ठेवतो. एके दिवशी अक्षरं मोठी करून दे म्हणून दत्तारामनं फोन माझ्या हातात दिला आणि चहा सांगायला आत गेला. मी नकाशा उघडला. निळी रेघ दर खेपेला मिऱ्याकडून वळून एकाच ठिकाणी थांबत होती. मी तिचा फोटो काढला आणि मुलाला दिला.

मुलाच्या होडीला मासळी मिळत नव्हती, ही माझी सबब. मुलाच्या मागोमाग इतर होड्या गेल्या. दोन हंगामांत खडप रिकामं झालं.

दत्तारामनं महेशला दारात उभं केलं. "कोणाला सांगितलंस?"

"मामा, आईशप्पत, कोणाला नाय."

मी पलीकडे ओट्यावर बसून ऐकत होतो. महेश लांज्याला काजूच्या कामाला निघून गेला. दत्ताराम वारला तेव्हा वाडीनं महेशला खांदा देऊ दिला नाही. तेव्हाही मी गप्प.

माझ्या फोनचं लोकेशन मी केव्हाच बंद करून टाकलं होतं.

गेल्या पावसाळ्यात मासेमारीची बंदी होती, सगळ्या होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या. सकाळी अकराच्या सुमारास सून माझ्या फोनवर दवाखान्याचा रस्ता बघत होती.

"अण्णा, आज समुद्रावर कोणाबरोबर गेलेलात?"

"आधी गुडघे बघ माझे, मग विचार."

तिनं नकाशा पुढे धरला. सहा ते नऊ. बंदरातून निघालेली रेघ आधी मिऱ्याकडे, मग दक्षिणेला... आणि खडपावर थांबलेली. लोकेशन बंदच होतं. फोन सकाळपासून कपाटावर चार्जिंगला होता.

पाच दिवस रोज तेच. दुकानदारानं फोन उलटसुलट करून पाहिला. "काका, उपग्रह चुकतात कधीकधी." चुकत असतील. पण चुकताना आधी मिऱ्याकडे कसे वळतील?

आम्हा म्हाताऱ्यांना वाटतं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? दत्तारामकडे जन्मात लपवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती जागा.

सहाव्या दिवशी मी लांज्याची एसटी धरली. महेश बाहेर आला. काजूच्या चिकानं बोटं काळी पडलेली. मी सगळं सांगितलं. त्यानं हात पुसले.

"मला कशाला सांगताय, काका? मी केलं नाय, हे मला ठाऊकच होतं. मामाला सांगायचंत... आता वाडीत सांगा."

वाडीत सांगितलं. मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला असतात, त्यांनीही महेशला नावं ठेवली होती. त्यांच्यासाठी इथं लिहितोय.

रेघ कशी उमटली, कोणी उमटवली, मला आजही कळलेलं नाही. उद्या कोणी फोनमधला बिघाड दाखवून दिला तर मान्य करीन. त्यानं बाकीचं बदलत नाही. महेशनं ती जागा कोणालाही सांगितली नव्हती. ती मी चोरली.