ट्रॅक्टरवरची पितळी पाटी

कोणतेही इंजिन समोर आले की आमचे मिस्त्री प्रथम खिशातून दोऱ्यात ओवलेले दोन नट काढीत आणि म्हणत, “आधी ह्यास्नी इचारू.” मालकाला विचारण्याची पाळी शेवटी येई. एक नट इंची आट्यांचा, दुसरा मिलिमीटरचा. इंजिनाचा एखादा बोल्ट सोडवून त्यावर ते दोन्ही आळीपाळीने फिरवून पाहत. जो नट सुरळीत चढे, त्यावरून यंत्राचा मुलूख ठरे. माझी उभी हयात कोर्टाच्या दप्तरात गेली. परंतु वाचकहो, इतकी शांत उलटतपासणी मी अन्यत्र पाहिली नाही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली होती. गडमुडशिंगीला माझा ऊस होता आणि विहिरीवरचा पंप लिलावात घेतलेल्या एका जुन्या, लहान ट्रॅक्टरच्या इंजिनावर चाले. ऐन चैत्रात त्याचा पिस्टन फुटला. इंजिनावरच्या पितळी पाटीवरचा नंबर कळवून मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दुसरा मागविला. तो सिलिंडरात शिरेना. मी रजिस्टर पत्राने कडक जाब विचारला. उत्तर आले: ‘आपण कळविलेल्या नंबराप्रमाणेच माल धाडला आहे.’

इकडे उसाची पाने वळू लागली होती. मी करारभंगाची नोटीस लिहिली आणि सोबत तज्ज्ञाचा दाखला जोडावा म्हणून ते इंजिन बैलगाडीत घालून मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेले.

“मुंबईच्या व्यापाऱ्याने पिस्टन चुकीचा धाडला आहे, एवढेच लिहून द्या. नोटिशीला जोडायचे आहे,” मी म्हणालो.

“गप बसा की जरा, पावणं. साक्षीदार बोलतुया.”

इंची नट दुसऱ्याच आट्यावर अडला. मिलिमीटरचा सरसर चढला.

“पाटी कुठली म्हणायची?”

“इंग्लंडची.”

“इंजान तिकडचं न्हाई. ही पाटी कुणी बसवली?”

येथे मला खोटे बोलता आले असते. “मी,” मी म्हणालो. “अवजारांच्या पेटीत सुटी सापडली. पाटीवाचून यंत्र म्हणजे सहीवाचून दस्तऐवज, म्हणून स्क्रूने पक्की केली.”

“मग सही दुसऱ्याचीच झाली की वो!” ते इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा लोहार हातोडा घेऊन डोकावला. “आन् नोटीस मुंबईवाल्याला व्हय?”

मी नोटीस घडी करून खिशात घातली. माझ्या आयुष्यात हे क्वचितच घडले आहे.

मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्याने इंजिनाची कूस घासली. रंगाच्या तीन थरांखालून ओतीव अक्षरे वर आली. “मला विंग्रजी येत न्हाई. तुमी वाचा.” ते नाव जर्मन निघाले, मला उच्चारता येईना. मिस्त्रींनी मात्र डोळे मिटून त्या अक्षरांवरून अंगठा फिरविला. “ही नक्षी हाताखालनं गेल्या माझ्या. कुरुंदवाडला, पिठाच्या गिरणीत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने कुरुंदवाड गाठले. गिरणीवाल्याचे इंजिन केव्हाच मोडीत गेले होते.

“सुटा पिस्टन ऱ्हायला आसंल की एखादा?” मिस्त्रींनी विचारले.

“हाय की. त्यो काय, दाराला लावलाय.”

मिस्त्रींनी तो उचलून सदऱ्याला पुसला आणि वीत लावून पाहिली. मागे दार धाडकन आपटले. गिरणीवाला दाराला लावायला धोंडा शोधू लागला आणि आम्ही परतीची एस.टी. पकडली.

तिसऱ्या दिवशी पाणी उसाच्या सरीत पोहोचले. निघताना मिस्त्रींनी इंजिनावरची पाटी सोडवून माझ्या हातावर ठेवली. “ही कागदावर ठेवायला घ्या. राग आला की पत्र एक दिस हिच्याखाली ऱ्हाऊ द्या.”

“आणि ती नोटीस?”

“ती ऱ्हाऊ द्या. आदी जाब इचारला त्येच्याबद्दल माफीचं लिवा. तेबी रजिस्टर करून.”

तसे मी लिहिले. तेव्हापासून माझे प्रत्येक पत्र एक दिवस त्या पितळेखाली राहिले. निम्मी तर तेथून पुढे गेलीच नाहीत.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री गेले. मृत्यूच्या नोंदीचा उतारा काढण्यासाठी त्यांच्या पत्नीबरोबर मी कचेरीत गेलो. धंद्याच्या रकान्यात लिहिले होते: मजूर. मी हरकत घेतली.

“आता काय फरक पडतो, साहेब?” कारकून म्हणाला.

नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज मी घरी येऊन लिहिला. त्याला स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडले. त्यात दोन नटांची हकीकत सविस्तर नमूद केली. पाटी टेबलावरच होती. तो अर्ज तिच्याखाली ठेवला नाही. त्याच दुपारी रजिस्टर केला.