डर्वलाचं दुकान अकराला उघडतं

डर्वला गॅलॅघरचं शिवणकामाचं दुकान सकाळी अकराला उघडायचं, आणि त्यावरून आमच्या गावाने तिला टोचून टोचून खाल्लं. आयर्लंडमधल्या मेयोच्या या कोपऱ्यात लोक उजाडायच्या आत गाईंची धार काढून मोकळे होतात. त्यात ही चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची बाई अकराला दार उघडते म्हणजे काय! "राणीसाहेबांची न्याहारी झाली का?" असं फिलोमिना डर्कन भर रस्त्यात विचारायची. फिलोमिना म्हणजे आमच्या गल्लीची तोफ. डर्वला हसून म्हणायची, "झाली की. अंडं जरा कच्चं होतं," आणि तिच्या हातातला उसवलेला कोट घेऊन आत जायची.

मला खरं काय ते माहीत होतं, कारण आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. डर्वला पहाटेच उठायची. जन्मापासून तिच्या फुप्फुसांत कफ डिंकासारखा चिकटून बसायचा. दुसऱ्याला लागणारं दुखणं नव्हे, पण बरं होणारंही नव्हे. आधी श्वास मोकळा करणारा पंप ओढायचा, मग मशीनमधून मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची. मग तिची आई अट्रॅक्टा हाताची ओंजळ करून तिची पाठ बडवायची, कफ सुटेपर्यंत. त्यानंतर औषधाची दुसरी वाफ. मग सगळ्या नळ्या धुवायच्या, उकळायच्या, वाळवायच्या. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. नाताळलासुद्धा सुट्टी नाही. मायलेकी हे सगळं दुकानाच्याच खोलीत करायच्या, पडदे ओढून आणि रेडिओ मोठ्याने लावून, म्हणजे खोकला रस्त्यावर जाऊ नये. "खोकणाऱ्या बाईकडे लग्नाचा झगा कोण टाकेल गं, उना?" असं डर्वलाने मला विचारलं होतं. मग मीही कुणाला काही बोलले नाही.

पण वाफ घेताना ती नुसती बसायची नाही. तोंडावर मास्क, मांडीवर कापड आणि हातात सुई. पहिल्या कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये ज्या पोरी पांढऱ्या झग्यात मिरवतात, त्यांतल्या निम्म्या झग्यांची खालची दुमड तिने अशी वाफेच्या ढगात बसून घातलीय. इथे माझ्याकडून सकाळची चार भांडी घासून होत नाहीत! आणि गाव आळशी कुणाला म्हणत होतं, तर हिला.

नोव्हेंबरात अट्रॅक्टा झोपेतच गेली. शवपेटी दुकानाच्या खोलीत ठेवली. घर माणसांनी भरून गेलं, वरच्या खोल्यांत इंग्लंडहून आलेली चुलत-मावस भावंडं जमिनीवर झोपली. फिलोमिनाने आल्या आल्या भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. मरण झालेल्या घरात ते तसंच करायचं असतं, माती दिल्यावरच ते पुन्हा सुरू होतं. पण डर्वलाचा अख्खा दिवस त्या घड्याळावर चालायचा. ती पेटीपाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत राहिली, आणि संध्याकाळची वाफ राहून गेली. वसंतात ती इस्पितळातून परतली तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की आता एकही वेळ चुकवायची नाही, गेलेला श्वास परत येत नाही.

माती द्यायच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात सँडविचना लोणी लावत होते. ती पाणी प्यायला आली, तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी मला टेबलापलीकडून ऐकू आली.

"वाफ घेतलीस?"

"कुठे घेऊ? जिथे बघावं तिथे माणसं. एवढं उरकू दे, मग घेते."

"आणि खांदा?"

तिने पेला खाली ठेवला. बाप नाही, भाऊ नाही. आईला टेकडीवरच्या चर्चपर्यंत आपणच पुढून खांदा द्यायचा, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. या श्वासावर ती फाटकापर्यंतसुद्धा पोचली नसती, आणि हे तिलाही कळत होतं.

"मशीन काढ," मी म्हटलं. "मी त्या बायकांना उठवते."

तिने दारातून खोलीत पाहिलं. पेटीभोवती फिलोमिना आणि आणखी दोघी जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"नको, बसू दे त्यांना," ती म्हणाली. "ऐकू दे एकदाचं."

आईच्या उशाशी, आपल्या रोजच्या खुर्चीत बसून तिने मास्क चढवला. जप अर्ध्यावरच थांबला. वाफ संपल्यावर मी तिची पाठ बडवायला घेतली.

"उना, पाठ बडवतेयस की मांजर कुरवाळतेयस?" ती धापा टाकत म्हणाली.

मी जोर लावला, आणि मग खोकला आला. आतड्यांपासून उठणारा, अंग हलवून टाकणारा, थांबता थांबेना असा. मी भांडं तिच्या तोंडाशी धरलं. फिलोमिनाचा चेहरा उतरला होता.

"हे... रोज?"

"रोज, दोन्ही वेळा, अट्रॅक्टाच्या हातून," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "सकाळचं अकराच्या आत."

फिलोमिनाने जपमाळ खिशात टाकली आणि काळ्या झग्याच्या बाह्या वर केल्या.

"सरक, उना. जन्मतः श्वास अडकलेली वासरं मी आयुष्यभर बडवून जगवलीत. सांग गं पोरी, कुठे?"

तिच्या तळव्याची ओंजळ अगदी अट्रॅक्टासारखी पडत होती. डर्वला एकाच वेळी खोकत होती, हसत होती आणि रडत होती. मलाही रडू आवरेना.

तेवढ्यात अंत्यविधीचं बघणारा मॉलॉय काळा कोट सावरत दारात आला. मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाला, "फादर खोळंबलेत. निघायला हवं."

"अजून एक वाफ राहिलीय," मी म्हटलं.

फिलोमिनाने हात थांबवला नाही. "ते मनगट खाली कर, मॉलॉय. या घरातलं घड्याळ मी बंद केलंय. अट्रॅक्टा रोज सकाळी या पोरीचं होईपर्यंत इथेच बसायची. आजही बसेल."

मॉलॉयने टोपी काढली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं. भुरभुर पावसात अख्खं गाव कुंपणाशी उभं राहिलं. खिडकीतून खोकला ऐकू येत होता. रेडिओ कुणी लावला नाही.

डर्वलाने पुढून खांदा दिला. चढावर ती एकदा थांबली, तेव्हा सगळे थांबले आणि तिच्याकडे न बघता पलीकडच्या शेतांकडे बघत राहिले. मग ती निघाली, तसे सगळे निघाले.

चर्चमधली प्रार्थना दहाची होती. ती अकराला सुरू झाली.