चिमणीचा पाय

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि स्वतःचं कौतुक करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत दुसरा कुणी नव्हता. मशीन पालथं घातलं, दोन स्क्रू फिरवले की लगेच म्हणायचा, "आता हिला तुमच्या नातीचं लग्न होईपर्यंत मरण नाही." बायका हसायच्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची आणि बसलं की कपड्यांना तेलाचा वास. मामी म्हणायची, "ह्या माणसाला पिळलं तर वाटीभर तेल निघेल."

त्याची एक खोड होती. काम मनासारखं झालं की लाकडी मुठीत बसवलेल्या मोडक्या सुईने तो मशीनच्या खालच्या लोखंडावर तीन बारीक रेघा ओढायचा, एकाच ठिकाणाहून फुटलेल्या. चिमणीचा पाय. "माझं काम मला ओळखता आलं पाहिजे," असं कारण सांगायचा. खरं कारण मिरवणं, दुसरं काय! आमच्या वस्तीतल्या बहुतेक बायका घरी शिवणकाम करत. त्यामुळे घरोघरच्या मशीनच्या पोटाला ही चिमणी होती, आणि मामाला सगळे चिमणीमामा म्हणत.

त्या काळात शहरात एका बाजूला सैन्य होतं आणि दुसऱ्या बाजूला संघटना. संघटनेचं नाव कुणी तोंडाने घेत नसे. नुसतं 'ते' म्हटलं की कळायचं. त्यांनी आपली हत्यारं बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात लपवली होती. भिंती जाड, खिडक्या नाहीत, म्हणून कुणा शहाण्याने ती जागा निवडली. त्या भिंतींत मुरलेली ओल कुणाच्या डोक्यात आली नाही. बंदुकांना गंज चढला, चाप अडकायला लागले, आणि मग त्यांना माझा मामा आठवला.

एका दुपारी दुकानासमोर बेकरीची गाडी थांबली. दोघं उतरले. एकजण अगदी गोड आवाजात म्हणाला, "मामा, जरा काम होतं. यंत्र ते यंत्र, तुम्हाला काय अवघड आहे?" मामा तसाच उठला. चपला घालायचंही भान राहिलं नाही. पिठाच्या पोत्यांमध्ये बसवून त्यांनी त्याला नेलं. संध्याकाळी परत आणून सोडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. असं कितीतरी दिवस चाललं. शेजाऱ्यांना मामी सांगायची, "बेकरीचं यंत्र बिघडलंय." शेजारीही भाबडेपणाचं सोंग घेऊन मान हलवायचे.

तिथे काय होतं ते त्याने फक्त माझ्या आईला सांगितलं. आई त्याची धाकटी बहीण, आणि मी भाजी निवडत शेजारीच बसले होते. बर्फाच्या लाद्या ठेवायच्या कप्प्यांत बंदुका आडव्या रचलेल्या. बिस्किटांच्या डब्यांत पिस्तुलं. लोणच्याच्या बरण्यांत काडतुसं. हातबॉम्ब तर जुन्या झबल्यांत गुंडाळून बटाट्याच्या पेट्यांत ठेवलेले. "झबल्यांना हात लावायला नको वाटलं गं," मामा म्हणाला. "कुणाच्या तरी पोराची असतील ना."

"आणि तू काय केलंस, दादा?"

"साफ केल्या. तेल घातलं. स्प्रिंगा बदलल्या."

एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण मामाच तो. मान खाली घालून म्हणाला, "चिमणी काढली."

आईच्या हातातून पातेलं पडलं. "बंदुकांवर? तुला वेड लागलंय का?"

"पहिल्यांदा हाताने आपसूक काढली. मग माझ्या लक्षात आलं."

"लक्षात आल्यावर थांबलास की नाही?"

मामाने पडलेलं पातेलं उचललं. नंतर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "काम चांगलं झालं होतं."

मला त्याचा राग येतो तो इथे. जाण्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हतं, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. नाही म्हणाला असता तर दुकान आणि मामी, दोन्हींचं काय झालं असतं ते सांगायला नको. पण वाईट काम करता आलं असतं. एखादी स्प्रिंग सैल सोडता आली असती. ते त्याच्याने होईना. गंजलेला चाप पुन्हा मऊ चालायला लागला की त्याला आनंद व्हायचा, मशीनचा टाका सरळ पडल्यावर व्हायचा तसाच. तो आनंद त्याने लपवलाही नाही.

पुढे चौकात गोळीबार झाला. आमच्या मागच्या गल्लीत काजवाली राहायची. सदऱ्यांना काजं करून देण्यात तिचा हातखंडा, म्हणून तिला सगळे काजवाली म्हणत. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा औषधांच्या दुकानात कामाला. तो दुकानाचं शटर ओढत असताना त्याला गोळी लागली. सैन्य म्हणालं, त्यांनी मारलं. ते म्हणाले, सैन्याने मारलं. काजवाली दोघांनाही काही बोलली नाही. मामा अंत्ययात्रेला गेला खरा, पण सगळ्यांत मागे चालला.

थोड्याच दिवसांत बर्फाचा कारखाना सैन्याच्या हाती लागला. जवानांनी सगळी हत्यारं वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबलांवर मांडली आणि वस्तीवस्तीला बोलावून दाखवायला सुरुवात केली. यायचंच, अशी ताकीद होती. मामा अंगात ताप असल्याचं सांगून पडून राहिला, आणि ते खोटं नव्हतं. मामी, आई आणि मी गेलो. आमच्या पुढे रांगेत काजवाली होती.

आत शिरलो. भिंतीवर एक भलामोठा फोटो लावला होता. चिमणीचा पाय. दाराएवढा. खाली एक अधिकारी उभा होता. तो प्रत्येकीला विचारत होता, "ही खूण कुठे पाहिलीय?"

रांगेत आमच्याच वस्तीच्या बायका. प्रत्येकीच्या घरात तीच खूण. प्रत्येकीने फोटोकडे असं पाहिलं, जणू जन्मात पहिल्यांदाच पाहतेय. "नाही साहेब." "काय की बाई." "पोराटोरांनी काढली असेल." मामीने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं.

शेवटच्या टेबलावर एकच बंदूक वेगळी ठेवली होती. चौकात पळताना टाकून दिलेली. औषधवाल्या मुलाला हिचीच गोळी लागली, असं शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. काजवाली थांबली. चष्मा वर करून वाकली. चापाच्या वर, लोखंडाच्या कडेला तीन बारीक रेघा होत्या. मला मागून दिसत होत्या म्हणजे तिला दिसल्याच.

अधिकारी जवळ आला. "बाई, तुमचाच मुलगा ना? ही खूण ओळखता?"

मामीने डोळे मिटले. काजवालीने एक शब्द उच्चारला असता तर मामा संध्याकाळपर्यंतही घरी राहिला नसता. आणि तिने तो का उच्चारू नये, याचं एकही कारण मला सुचत नव्हतं.

"पाखराचा पाय दिसतोय," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

घरी आल्यावर मामीने पिशवी भरली. "लेकीच्या सासरी जा थोडे दिवस, अहो, माझं ऐका." मामा हलला नाही. ती काय म्हणाली, कशी म्हणाली, तिचा चेहरा कसा होता, हेच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. चार दिवसांनी दुकान उघडून बसला. मी त्याला चहा द्यायला गेले होते, तेव्हा काजवाली आली. काखेत मशीन. एवढं जड धूड तिने एकटीने उचलून आणलं होतं. फळीवर ठेवलं आणि पालथं घातलं.

"मामा, ही खूण घासून द्या."

मामा उठला तो पायरीवर डोकं आपटलं. "बाई, मी... ती बंदूक..."

"माहीत आहे मला. म्हणून तर आले."

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"मग सैन्याने तुम्हाला मारलं असतं. मामी एकटी राहिली असती. एकटं राहणं कसं असतं ते मला कळतंय." तिने पदराने कपाळ पुसलं. "मशीन टाकता येत नाही, पोट त्याच्यावर आहे. पण रोज मला तिथेच बसायचंय. खूण तेवढी काढा."

मामाने कानस घेतली. कानशीच्या जोराने मशीन जागचं सरकायला लागलं. मग काजवालीने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मामा घासत राहिला. तो रडत होता. ती रडत नव्हती. रेघा गेल्या, खालचं पांढरं लोखंड दिसायला लागलं. सवयीने मामाचा हात तेलाच्या बुधलीकडे गेला.

"तेल नको," ती म्हणाली, आणि मशीन काखेत मारून निघून गेली.